टाकीतला गंज

सज्जनहो, गोरोबांनी परमार्थ मडकी घडवताना पाहिला, सावतोबांनी मळ्यात पाहिला, नरहरी महाराजांनी सोनाराच्या पेढीवर पाहिला. तेव्हा आज आपण मिस्त्रीच्या अंगणात बसलो तर त्यात काही वावगे नाही.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे म्हातारे ट्रक पुष्कळ. कोणी बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू ओढलेला, कोणी आलापल्लीचा साग, कोणी कोळसा. असा एखादा ट्रक उतारवयात दिंडीच्या सामानाला लागला, तर आषाढीला तांदूळ, भांडी, पाण्याचे पिंप घेऊन सुमारे सहाशे किलोमीटर पंढरपूर गाठतो, आणि उरलेले दहा महिने झाडाखाली उभा. उभी गाडी झिजत नाही असे आपण समजतो. पण आत टाकी अर्धीच भरलेली असते ना! वरच्या अर्ध्या भागात हवा. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, आणि हवेतली ओल आतून थेंब होऊन पत्र्याला धरते. तोच थेंब ओघळून खाली जातो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. वर हवा आणि ओल, तळाशी पाणी, दोन्हीकडून लोखंड खाल्ले जाते. जेथे स्वच्छ डिझेल पत्र्याला भिडलेले असते, तेवढाच भाग वाचतो.

आणि गंज म्हणजे तरी काय? बाहेरून आलेला कोणी चोर नव्हे. लोहाऱ्याच्या टेकडीत किंवा सुरजागडच्या डोंगरात जो तांबूस दगड सापडतो, त्यात लोखंड हवेतल्या प्राणवायूशी बांधलेलेच असते. माणसाने भट्टीत घालून ते सोडवले, त्याचा पत्रा केला, टाकी केली. ओल आणि वारा मिळाला की ते पुन्हा आपल्या जुन्या मातीकडे निघते. तमोगुणाचे तसेच आहे. तो शिकवावा लागत नाही. लक्ष काढले की आपोआप येतो.

उभ्या गाडीत दोष दिसत नाही. सपाट रस्त्यावरही गाडी बरी चालते. खड्ड्यात आदळली की तळाची खपली उठते, फिल्टरात जाऊन बसते, आणि नेमके चढावर, जेथे इंजिन जास्त डिझेल मागते, तेथे गाडी श्वास सोडते. थोडा वेळ थांबले की गाळ खाली बसतो आणि गाडी पुन्हा सुरू होते. मग ड्रायव्हर म्हणतो, "झालं बा, काही नव्हतं!" आपला राग शांत झाल्यावर आपणही हेच म्हणतो. कोणी नुसता फिल्टर बदलतो, कोणी टाकीला बाहेरून नवा रंग देऊन त्यावर फुले काढतो. गंध, माळ, पताका यांना माझा नमस्कार आहे. पण पत्र्याच्या आत त्यांचा हात पोचत नाही.

खरे काम असे. डिझेल काढायचे, टाकी उतरवायची. नळी तोंडाने ओढू नये, आणि जवळ विडी मुळीच नको. रिकामी टाकी निर्धोक, ही समजूत माणसे मारते. आत वाफ उरते, म्हणून न धुतलेल्या टाकीला वेल्डिंग लावूच नये. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढावा. मग साखळी किंवा नट आत टाकून टाकी लोळवावी. टाकलेले नट मोजून बाहेर घ्यावेत, नाहीतर औषधच रोग होते. चिवट गंजाला सिरका किंवा लिंबूसत्त्वाचे पाणी एक-दोन दिवस भरून ठेवतात. आतून जस्ताचा मुलामा असेल तर आंबट द्रव घालू नये, तो मुलामाच खातो. शेवटी सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारावा. हे धुवण नाल्यात ओतू नये; तेथे मासे आहेत, गुरे पाणी पितात.

येथे एक भीती असते. पुष्कळदा भोक गंजानेच पाडलेले असते आणि गंजानेच बुजवलेले असते. साफ केली की टाकी गळू लागते. मालक म्हणतो, "होती तशी बरी होती." नाही बाबा, बरी नव्हती. ती अहंकाराच्या खपलीवर तगून होती. माणूस खरे बोलू लागला की घरातले जुने भोक उघडे पडते, भावाच्या बांधाचा तंटा वर येतो, आणि आपण भिऊन पुन्हा खपली बसू देतो. भोक दिसले तर ठिगळ लावता येते; पत्रा फारच पातळ झाला असेल तर टाकी बदलावी.

दृष्टांत एकदेशी असतो हे मान्य. मन काही असे उतरवून उलटे करता येत नाही. पण एक गोष्ट तंतोतंत जुळते, आणि तिच्यासाठीच हे सारे सांगितले. सगळ्यात धोक्याची वेळ साफ झाल्यानंतरची आहे. घासून उजळ झालेला ओला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो, कारण आता त्याच्यावर काहीच नाही. वारी करून, रडून, हलका होऊन माणूस घरी येतो आणि आठ दिवसांत पूर्वीपेक्षा कडवट होतो, त्याचे कारण हेच. मळ निघाला, जागा मात्र रिकामी राहिली. म्हणून मिस्त्री उन्हात आणि वाऱ्यावर टाकी लगेच कोरडी करतो, आत तेलाचा हात फिरवतो, त्याच दिवशी बसवतो आणि काठोकाठ भरतो. अर्धी नव्हे. नामाचा नेम वारीहून परतल्या संध्याकाळीच धरावा, थकवा उतरायची वाट पाहू नये.

पुढे पावसाळाभर सकाळी, गाडी हलवण्याआधी, टाकीच्या तळाचे बूच थोडे सैल करून पहिली धार काचेच्या बाटलीत धरावी. रात्रभर गाडी स्थिर असल्याने पाणी खाली बसलेले असते. बाटलीतही ते तळाशी वेगळे दिसते. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे आणि बूच घट्ट करावे. काकड्याची वेळ तीच आहे.