कोणत्या पुस्तकाला काय विचारावं

वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल 'यात खरं किती?' असं विचारण्याआधी त्या पुस्तकाने कोणत्या खरेपणाची हमी घेतली होती, हे पाहणं वाचकाचं कर्तव्य आहे. नुकत्याच एकापाठोपाठ संपवलेल्या तीन पुस्तकांनी हे फार ठळक केलं. पहिलं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून वरसईचा हा भिक्षुक उत्तरेकडे निघाला आणि सत्तावनच्या बंडात सापडला. झाशीचा वेढा आणि नंतरची कत्तल त्याने शहरात राहून पाहिली. लिहिलं मात्र पाव शतकानंतर. तपशील कुठे चुकतात, ऐकीव गोष्टी मध्येच शिरतात. म्हणून भटजींना खोटं ठरवणं अन्यायाचं, कारण रोजनिशीची हमी त्यांनी दिलेलीच नव्हती. जीव मुठीत धरून राहिलेल्या माणसाला शहर कसं दिसलं, ते त्यांनी सांगितलं आणि तिथे ते कुठेही डगमगत नाहीत. खरी गफलत चिंतामणराव वैद्यांच्या हातून झाली. 1907 साली पुस्तक छापताना त्यांनी मजकुरात फेरफार केले. मूळ पाठ वाचकांना मिळाला तो दत्तो वामन पोतदारांच्या 1966 सालच्या आवृत्तीत. हेतू चांगला असेलही, पण साक्ष एकाची आणि दुरुस्ती दुसऱ्याची, हे कसं चालावं?

यावर कोणी म्हणेल की, हमी लेखकच ठरवणार असेल तर वाईट पुस्तक म्हणून काही उरणारच नाही. उलट, या मापाने पुस्तकं जास्त कडक तपासली जातात. आत्मकथनाची हमी अशी की, सांगणारा स्वतःला वगळणार नाही. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी लेखक झालेल्या दया पवारला ऐकवतो. एकच माणूस असा दोन जागी उभा राहतो, त्यामुळे शिकून वर आलेल्याची लाज आणि मागे राहिलेल्यांपासून तुटल्याची बोच, दोन्ही झाकता येत नाहीत. 1978 साली पुस्तक आलं तेव्हा घरचं चव्हाट्यावर मांडलं, अशी तक्रार आपल्याच माणसांतूनही झाली. ती तक्रारच हमी पाळल्याची खूण म्हणायला हवी. स्वतःला हार घालून घेणारी कित्येक प्रतिष्ठितांची आत्मचरित्रं या परीक्षेला बसतसुद्धा नाहीत.

तिसरं पुस्तक इरावती कर्वे यांचं महाभारतावरचं 'युगान्त'. त्याची हमी आणखी वेगळी, ती तर्काची. विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा, हे त्यांचं अनुमान सश्रद्ध माणसाला बोचतं. पण त्या विचाराच्या पायऱ्या उघड्या ठेवतात, कोणत्याही पायरीवर वाचकाला 'मला पटत नाही' म्हणता येतं. 'युगान्त'प्रमाणेच 1967 साली आलेली शिवाजी सावंतांची कर्णावरची 'मृत्युंजय' अशी मुभा देत नाही, आणि कादंबरीने ती देऊही नये. मात्र स्वयंवरात द्रौपदी कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारते, तो प्रसंग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, हे कितीजणांना ठाऊक असतं? आनंदासाठी वाचणाऱ्याने एवढी चौकशी का करावी, हा आक्षेप मला मान्य आहे. 'मृत्युंजय' रात्र जागून वाचावी, कर्णासाठी रडावंसुद्धा. दुसऱ्या दिवशी महाभारतावर वाद घालताना तेवढी ती पुरावा म्हणून पुढे करू नये.