शेतकरीण बहिणाबाई

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) खानदेशातल्या शेतकरीण. जळगावजवळच्या असोदे गावी, महाजनांच्या शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. वडील उखाजी, आई भिमाई. पाठीला तीन भाऊ, तीन बहिणी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न झाले आणि पुढचे सारे आयुष्य जळगावचा वाडा, शेत आणि लेकरे यांत गेले. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. मराठी वाचक त्यांना कवयित्री म्हणून ओळखतो. मात्र त्यांच्या नावाआधी ‘निरक्षर’ हे विशेषण हमखास येते आणि मग त्यांची कविता म्हणजे चमत्कार ठरतो. चमत्कार म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. या कवितेमागे जन्मभर शेतात राबून मिळवलेले ज्ञान आहे, आणि ते ज्ञान बाजूला ठेवून केलेले बहिणाबाईंचे स्मरण अपुरे राहते.

खानदेशातल्या कोरडवाहू शेतीचे वर्ष आखाजीपासून मोजले जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. तोवर नांगरट झालेली असते आणि नजर आभाळाकडे लागलेली असते. पाऊस पडला की पेरणी, मग निंदणी-खुरपणी. बैल नांगराला आणि वखराला जुंपला की ते काम पुरुषाचे मानले जाते. तण उपटणे, कापूस वेचणे, शेंगा तोडणे ही वाकून, बसून, तासन्‌तास करायची कामे बायकांच्या वाट्याला येतात. कापूस एका दिवसात वेचून होत नाही. बोंडे जशी उमलतील तशा पुन्हा पुन्हा फेऱ्या घालाव्या लागतात, आणि दवाने ओला झालेला, काडीकचरा लागलेला कापूस बाजारात पडेल भावाने जातो, म्हणून हाताला वेग आणि डोळ्याला बारकावा दोन्ही लागतात. ज्वारीची कापणी झाली की कणसे खळ्यावर येतात. बैल फिरवून ती रगडायची आणि वारा सुटला की उपणायची. वारा पडला तर माणूस हात बांधून थांबतो. जोराचा आला तर भुसाबरोबर दाणाही उडतो.

यातल्या अनेक कामांवर बहिणाबाईंची गाणी आहेत. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी हे तर त्यांच्या कवितांचे विषयच. शेतीचे काम अशा क्रमाने, ते करणाऱ्या माणसाच्या नजरेतून आलेले अर्वाचीन मराठी कवितेत दुसरीकडे क्वचितच सापडते. शहरी कवीला शेत लांबून हिरवे दिसते. बहिणाबाईंना त्यात पुढचे काम दिसते. उपणणीच्या गाण्यात त्या वाऱ्याला बोलावतात. त्या हाकेत लाडिकपणा आहे, पण खळ्यावर धान्य पसरून बसलेल्या बाईची घाईही आहे. मोटेच्या गाण्यात विहिरीवरच्या नाडा, सोंदूर, चाक यांचा नेमका तपशील येतो आणि त्याच तपशिलातून जगण्याबद्दलचा विचार फुटतो. विचारासाठी उपमा शोधत त्या बाहेर जात नाहीत. सुगरणीचा खोपा त्यांना विहिरीकाठच्या झाडाला लोंबताना रोज दिसतच होता.

शेतातून परतल्यावरचे काम निराळे. पहाटेचे दळण, चुलीचा धूर, पाणी, गोठा, शेणाच्या गोवऱ्या, भाकरी आणि लेकरांचे दुखणेखुपणे. पुढच्या पेरणीचे बी निवडून, राख चोळून, कीड लागू न देता जपून ठेवणे हेही बहुतेक शेतकरी घरांत बाईचेच काम असे. त्याला कुणी शेतीकाम म्हणत नसे. ते घरकामात जमा होई. जात्यावर गाण्याची रीत महाराष्ट्रभर होती. ओवी दळणाच्या लयीत जुळे आणि पीठ भरून झाले की विरून जाई. बहिणाबाईंची गाणी याच रीतीतली. त्यांनी ती कामाच्या ओघात रचली. ‘लेखनासाठी निवांतपणा’ ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात नव्हतीच.

वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. मागे ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुले. ओंकारला प्लेगने गाठले. तो वाचला, पण कायमचे अपंगत्व घेऊन. त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला प्रामुख्याने पोटगीचा हक्क होता, जमिनीची मालकी पुरुष वारसांकडे जाई. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला मर्यादित हक्क दिला, तेव्हा बहिणाबाई सत्तावन्नाव्या वर्षात होत्या. पूर्ण मालकीचा मार्ग उघडणारा १९५६ चा कायदा त्यांच्या मृत्यूनंतरचा. म्हणजे ज्या जमिनीची नस न्‌ नस त्यांना ठाऊक होती, तिच्याशी कायद्याने जोडलेले त्यांचे नाते दुबळेच राहिले. या काळातल्या गाण्यांत दुःख आहे, पण गयावया नाही. दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवतात, कारण आपले नशीब काय आहे आणि पुढे काय करायचे आहे हे त्यांना त्याच्याहून चांगले कळते. अशा बाईला ‘सोशिक माउली’ या एका शब्दात बसवणे अन्यायाचे आहे. सोसणे त्यांना चुकले नाही, पण त्यांची खरी ताकद निर्णय घेण्यात होती: कोणते काम आधी उरकायचे, काय मोडून काय वाचवायचे, कुणापुढे हात पसरायचा नाही.

ही गाणी टिकली ती योगायोगाने. सोपानदेव स्वतः कवी झाले. त्यांनी आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी कानावर पडलेली काही गाणी वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना तिचे मोल तत्काळ कळले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुलगा कवी नसता, किंवा आईचे गाणे हा ऐकून सोडून द्यायचा विषय आहे असे त्याला वाटले असते, तर हे सगळे खळ्यावरच्या भुसासारखे उडून गेले असते. बहिणाबाईंच्या लेवा बोलीत अशी गाणी रचणारी एकच बाई त्या मुलखात असेल, असे मानायला काही आधार नाही.

आजही शेतकरणीचे काम मोजणीतून निसटते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. सातबाऱ्यावर नाव नसले की पीककर्ज, नुकसानभरपाई, अनुदान या सगळ्यांसाठी नवऱ्याच्या किंवा दिराच्या सहीची वाट पाहावी लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न शेतकऱ्यांच्या चळवळीनेच ठळकपणे मांडला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी स्वखुशीने जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा असे आवाहन केले. काही गावांनी ते मनावर घेतले. १९९४ साली राज्याने आणि २००५ साली केंद्राने वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. नवऱ्याच्या हयातीत त्याच्या शेतात राबणाऱ्या बायकोचे नाव मात्र आजही त्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

जळगावच्या चौधरी वाड्यात आज बहिणाबाईंचे संग्रहालय आहे. घरातल्या आणि शेतातल्या वापराच्या वस्तू तिथे जपल्या आहेत. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तिथल्या अभ्यासकांची एक काम अजून वाट पाहते आहे: खानदेशातल्या हयात असलेल्या वृद्ध शेतकरणींकडून त्यांची गाणी, अवजारांची नावे, बी राखण्याच्या रीती आणि वर्षभराच्या कामाचा क्रम त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी नोंदवून घेणे.