केबिन सोडण्याआधीची सकाळ



हल्ली आपल्यापैकी बरेच जण आई-वडिलांना घेऊन क्रूझला जातात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा समुद्रसफरी निघतात आणि त्यात दोन-चार रात्री जहाजावर काढायच्या असतात. तिथे साधना कशी सांभाळावी, असं कुणी विचारलं की आपण पहिल्या दिवसाचं सांगतो. पहाटे उठा, डेकवर शांत कोपरा शोधा, बुफेसमोर जिभेला आवरा. ते योग्यच आहे. पण साधकाने जास्त जागं राहावं अशी वेळ शेवटच्या सकाळची असते. जहाज बंदरात आलेलं असतं आणि आपण अजून उतरलेलो नसतो.

या सकाळची तयारी आदल्या रात्री होते. मोठ्या जहाजांवर पद्धत अशी की मोठ्या बॅगांना रंगाची किंवा क्रमांकाची पट्टी लावायची आणि रात्री त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. कर्मचारी त्या रातोरात घेऊन जातात. मग त्या थेट उतरल्यावर दिसतात. जवळ उरते एक लहान पिशवी. तिच्यात औषधं, चष्मा, ओळखपत्र, पैसे आणि सकाळी घालायचे कपडे. हे शेवटचं विसरणाऱ्यांचे किस्से क्रूझला जाणारे हसत हसत सांगतात. सगळं नीट घडी करून मोठ्या बॅगेत भरलं, बॅग गेली आणि अंगावर फक्त झोपण्याचे कपडे!

हसून झालं की थोडं थांबा. लहान पिशवी भरताना आपण स्वतःला एकच प्रश्न विचारतो, उद्या सकाळी खरोखर काय लागणार आहे? गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंतांनी हीच गोष्ट वाऱ्याचा दाखला देऊन समजावली आहे. वारा फुलातला गंध तेवढा उचलून नेतो, तसा जीव देह सोडताना मन आणि इंद्रियं बरोबर घेऊन जातो. फूल जागेवर राहतं. घर, पद, बँकेतली ठेव ही दाराबाहेर ठेवलेली बॅग झाली. आपण रोज ज्याची सवय लावून घेतली, तेवढं पिशवीत जातं. रागाची सवय असेल तर राग आणि नामाची असेल तर नाम.

फरक एवढाच, की जहाजावर 'आज रात्री बॅगा बाहेर ठेवा' अशी सूचना मिळते. देहाच्या प्रवासात ती मिळेलच असं नाही. म्हणूनच आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचं महत्त्व सांगून झाल्यावर लगेच पुढच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, सर्व काळ माझं स्मरण कर आणि युद्धही कर. आपल्याला आधीचा श्लोक पाठ असतो, पुढचा सोयीने निसटतो.

आता हिशेबाकडे येऊ. वाणिज्य शाखेत शिकणाऱ्याला ही सकाळ जरा जास्तच बोलकी वाटते. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत. केबिनचं कार्ड दाखवायचं की कॉफी मिळते, फोटो मिळतो. पाकीट उघडावं लागत नाही, म्हणून सगळं फुकटच आहे असं वाटू लागतं. उतरण्याआधी खात्याचा तपशील हाती येतो आणि सकाळी चौकशीच्या खिडकीपुढे रांग लागते. "हे आम्ही घेतलंच नव्हतं!" कधी ते खरं असतं. बहुतेक वेळा घेतलेलं असतं, आठवत नसतं.

हिशेबशास्त्रात एक साधा नियम आहे. उत्पन्न आणि खर्चाची खाती वर्षाअखेरीस बंद होतात, नव्या वर्षी ती शून्यापासून सुरू होतात. देणं, घेणं आणि मालमत्ता यांची बाकी मात्र पुढे ओढली जाते. सफरीतली मजा पहिल्या प्रकारात बसते. ती कितीही झाली तरी त्या सकाळी खातं बंद. ज्याचं मन दुखावलं, ज्याला मदत केली, ज्याचे आभार मानायचे राहिले, त्यांची बाकी पुढे येते.

तेव्हा त्या सकाळी एवढं करून पाहा. पहाटे जहाज मुंबई बंदरात शिरत असताना डेकवर जा. एका बाजूला कुलाबा आणि गेटवे, दुसऱ्या बाजूला उरणच्या टेकड्या आणि घारापुरी. अशा वेळी बंदराचा पायलट जहाजावर आलेला असतो. भर समुद्रातून जहाज आणणारा कप्तानसुद्धा शेवटच्या काही मैलांसाठी इथल्या पाण्याची, भरती-ओहोटीची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाचं ऐकतो, यात त्याला कमीपणा वाटत नाही. किनारा दिसू लागल्यावर आता गुरूची काय गरज, असं आपल्या मनात येतं तेव्हा हा पायलट आठवावा. तिथेच बसून आपला नेहमीचा जप करा.

मग केबिनमध्ये येऊन ती आवरा. दुपारी याच खोलीत दुसरं कुटुंब येणार असतं आणि कर्मचाऱ्यांच्या हाती मोजके तास असतात. टॉवेलचा हत्ती करून ठेवणाऱ्या त्या मुलाला आज सर्वांत जास्त काम आहे, आणि त्याचं घर कदाचित अजून काही महिने दूर आहे. त्याला नावाने हाक मारून धन्यवाद द्या. बक्षिशी द्यायची तर जरूर द्या, पण पाकीट टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. कचरा एका जागी गोळा केला तरी त्याची पाच मिनिटं वाचतात. ही सेवाच आहे.

यानंतरचा वेळ कठीण. केबिन रिकामी करून दिलेली असते, बॅगा गेलेल्या असतात, नाश्ता झालेला असतो आणि आपला क्रमांक पुकारला गेलेला नसतो. दोन दिवस लाटांकडे पाहून 'किती शांत वाटतं' म्हणणारी माणसं याच वेळी जिन्यात गर्दी करतात, घड्याळ पाहतात, एकमेकांवर खेकसतात. फोनला रेंज आल्याबरोबर ऑफिस डोक्यात शिरतं. याचा फटका बसतो तो बरोबरच्या वयस्कर माणसांना. गुडघे दुखत असतात, पण मुलांची घाई पाहून ती गुपचूप उभी राहतात. कदाचित ही त्यांची एकुलती एक समुद्रसफर असेल. त्यांना खुर्ची मिळवून द्या, पाणी आणून द्या आणि शेजारी बसा. क्रमांक पुकारला की उठायचंच आहे. तोवर आईला विचारा, या प्रवासात तिला काय आवडलं. तिचं सांगून होईपर्यंत फोन पिशवीतच राहू द्या.