दप्तर नष्ट झाले तरी

दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतर उसळलेल्या लोकक्षोभातून २०१५ चा बालन्याय कायदा आला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याचे प्राथमिक मूल्यांकन करते: ते कृत्य करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्याच्यापाशी होती काय, परिणामांची समज होती काय? प्रश्न त्या दिवसापुरता आहे. समाज मात्र उत्तर पुढील आयुष्याचे भाकीत म्हणून वाचतो. मंडळात बालमानसतज्ज्ञ नसल्यास तज्ज्ञाचे साहाय्य घ्यावेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले. उत्तमच, परंतु भामरागड-एटापल्लीच्या अरण्यातील माडिया मुलाचे मन मराठी प्रश्नांनी कितपत उकलावे?

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे; ती तपासयंत्रणेपुरती. प्रौढ म्हणून खटला न चाललेल्या मुलाचे दप्तर तर मुदतीनंतर नष्ट करावे, असे कायदा सांगतो. हे आम्हांस न्याय्य वाटते. पण चाळीस उंबऱ्यांच्या गावात दप्तर नष्ट होऊन काय होणार? तो ज्या वाटेने परततो, त्याच वाटेने ती मुलगी पाणी आणते. अशा वेळी तिलाच आजोळी धाडण्याची सूचना पुढे येते, आणि तिला आपण क्षमा म्हणतो!

मुलाच्या कपाळी जन्माचा डाग नको, हे आमचे मत आहेच. मात्र गाव सोडण्याची पाळी आलीच, तर ती त्याच्यावर यावी. अठरा पूर्ण करून संस्थेतून निघणाऱ्यास अर्थसाहाय्याची तरतूद याच कायद्यात आहे. तिच्या आधारे त्याला चंद्रपूर-बल्लारपुरात एखादे काम शिकता येईल, आणि तिला आपल्या घरी राहता येईल.