प्रापंचिकाचा पूर्वपक्ष

सृष्ट वस्तूंच्या आधारे आणि मानवी बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशाने ईश्वर निश्चितपणे जाणता येतो, असा सिद्धांत 1870 साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवून दिला. या सिद्धांतातील चमत्कारिकपणा फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. बुद्धीला ईश्वर कळू शकतो ही गोष्ट कॅथलिक माणूस श्रद्धेने मान्य करतो. परंतु आपल्या स्वतःच्या बुद्धीला तो कळतो की नाही, हे पाहण्याची तसदी तो सहसा घेत नाही आणि त्याने ती घ्यावी असा आग्रहही कोणी धरीत नाही. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला प्रचलित धर्मविधानानुसार ईशज्ञानाच्या चार वर्षांखेरीज निदान दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाच्या अध्ययनात घालवावी लागतात. त्याच धर्मग्रामातील शिक्षक, बँकेतील कारकून, बागायतदार किंवा परिचारिका यांची मजल मात्र दृढीकरणाच्या वेळी घोकलेल्या प्रश्नोत्तरांपलीकडे जावी, अशी तजवीज क्वचितच आढळते.

संत थॉमस अक्वायनस यांनी ही अडचण तेराव्या शतकातच ओळखली होती. बुद्धीला गम्य असलेली सत्येही ईश्वराने श्रद्धेचा विषय म्हणून का प्रकट केली, या प्रश्नाचा विचार करताना ते म्हणतात की, तसे न होते तर ती फार थोड्यांना, फार काळाने आणि पुष्कळशा प्रमादांच्या मिश्रणासह कळली असती. कारण काहींची प्रकृती या विद्येला अनुकूल नसते, काहींना घरसंसाराच्या विवंचनेतून सवड मिळत नाही आणि काही निव्वळ आळशी असतात. भिक्षावृत्तीने राहणाऱ्या एका डोमिनिकन संन्याशाने घरसंसाराचे कारण इतक्या सहानुभूतीने नमूद करावे, हे मला नेहमीच लोभसवाणे वाटत आले आहे. परंतु ही प्रापंचिकाला दिलेली सवलत आहे. तिचा मनाईहुकूम कोणी केव्हा केला, ते कळत नाही. त्याच प्रकरणात त्यांनी असेही म्हटले आहे की, मनोविकारांनी हेलकावणारे तारुण्य या उच्च विद्येला अपात्र असते; तेव्हा निवृत्तिवेतन घेणाऱ्या गृहस्थाने आपल्याला उशीर झाला असे मानण्याचे कारण नाही, उलट सेमिनरीतील विशीच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचाच अधिकार मोठा ठरावा.

प्रापंचिकाने तत्त्वज्ञान शिकावे असे म्हणणारे लोक आहेत, नाहीत असे नाही. पण बहुधा त्याने ते वकिलीसाठी शिकावे असा त्यांचा हेतू असतो. शेजारच्या नास्तिकाला निरुत्तर करता यावे, महाविद्यालयात गेलेल्या मुलाची श्रद्धा डळमळल्यास त्याला चार मुद्दे ऐकवता यावेत, एवढ्यासाठी जी पुस्तके लिहिली जातात, ती ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करणारे थॉमस यांचे सुप्रसिद्ध ‘पाच मार्ग’ आरंभीच वाचकाच्या हाती ठेवतात. प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून जगालाही कारण असले पाहिजे, असे त्या युक्तिवादाचे रूप वाचकाच्या मनात ठसते आणि मग ईश्वराला कारण कोणते, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारताच त्याची वाचा बसते. वस्तुतः ‘प्रत्येक गोष्टीला कारण असते’ हे विधान त्या मार्गांत गृहीत धरलेलेच नाही. जे बदलते ते दुसऱ्या कशामुळे तरी बदलते, एवढेच पहिल्या मार्गाचे गृहीतक आहे. आणि तेथील कारणांची मालिकाही आजोबा, बाप, मुलगा अशी काळात मागे जाणारी नसून, हाताने काठी हलावी आणि काठीने दगड हलावा, तशी एकाच क्षणी एकमेकांवर अवलंबून असणारी आहे. वस्तूच्या ठायी असलेली शक्यता आणि तिची प्रत्यक्ष अवस्था यांत ॲरिस्टॉटलने केलेला भेद ज्याने शांतपणे समजून घेतलेला नाही, त्याच्या हाती हे पाच मार्ग देणे म्हणजे त्याची फसगत करणेच होय.

वकिलीचा मोह मोठमोठ्यांनाही आवरत नाही. जगाला काळात आरंभ होता ही गोष्ट केवळ श्रद्धेने मानायची असून बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे थॉमस यांचे स्पष्ट मत होते. आणि जे सिद्ध करता येत नाही ते लटक्या युक्तिवादांनी सिद्ध करू पाहणारा अश्रद्धांना हसण्याची संधी देतो, असा इशाराही त्यांनी तेथेच देऊन ठेवला होता. असे असूनही 1951 साली पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या प्रसरणासंबंधीच्या नव्या सिद्धांतात निर्मितीची साक्ष पाहिली; तेव्हा त्या सिद्धांताचे एक जनक, बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र, हे स्वतः धर्मगुरू असूनही अस्वस्थ झाले, कारण त्यांच्या मते भौतिकशास्त्रातील तो विचार ईश्वराच्या प्रश्नाबाबत तटस्थ होता.

मग आरंभ कोठून करावा? माझ्या मते प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या छोट्याशा संवादापासून. पाखंडाच्या आरोपाखाली न्यायासनापुढे बोलावलेल्या सॉक्रेटिसाला तेथे युथिफ्रो भेटतो. तो आपल्या बापावरच मनुष्यवधाची फिर्याद गुदरायला आलेला असतो. त्यांच्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार केले, बापाने त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे याची विचारणा करायला गेलेला माणूस परत येईपर्यंत मजूर मरून गेला. धर्म म्हणजे काय हे आपल्याला पक्के ठाऊक असल्याने युथिफ्रोला या फिर्यादीत काहीच अवघड वाटत नाही. सॉक्रेटिस त्याला विचारतो की, धर्म्य कृत्य देवांना प्रिय असते म्हणून धर्म्य ठरते, की ते धर्म्य असते म्हणून देवांना प्रिय होते? दहा आज्ञा तोंडपाठ असलेल्या कॅथलिक वाचकाने हा प्रश्न स्वतःला लावून पाहावा. चोरी ही ईश्वराने निषिद्ध केली म्हणून वाईट, की वाईट म्हणून निषिद्ध? पहिले उत्तर दिल्यास आज्ञा लहरीप्रमाणे बदलू शकेल. दुसरे दिल्यास ईश्वराच्याही वर कोणता तरी कायदा बसेल. थॉमस यांनी चांगुलपणाचे मूळ ईश्वराच्या स्वरूपात आणि त्याच्या शाश्वत प्रज्ञेत पाहिले. पुढच्या शतकातला विल्यम ऑफ ऑकम हा ईश्वराच्या इच्छेकडे अधिक झुकला. दोघेही ख्रिस्तसभेचेच संन्यासी. या वादात एक रात्र अस्वस्थपणे काढलेल्या माणसाला पापनिवेदनाच्या वेळी आपण नेमके काय कबूल करतो, याचा अधिक गंभीरपणे विचार करावासा वाटेल.

थॉमस यांच्या ‘सुम्मा’ या ईशज्ञानविषयक ग्रंथातील प्रत्येक प्रकरणाची घडण मराठी वाचकाला परकी वाटू नये. तेथे प्रथम प्रतिपक्षाचे आक्षेप येतात, नंतर सिद्धांत आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. आपल्या मीमांसकांनी अधिकरणात, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेत, संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धांत असाच क्रम ठेवला आहे. किंबहुना सृष्टिकर्त्याविरुद्धचे बळकट आक्षेप हवे असतील, तर थॉमस यांच्या पॅरिसपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. वेदांना प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीच ‘श्लोकवार्तिका’त विचारले आहे की, करुणेने जग निर्माण केले म्हणावे, तर निर्मितीपूर्वी करुणा करायला कोणी प्राणीच नव्हते, मग ती करुणा कोणाविषयी? उलट बाजूने, नैयायिक उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीचे जे अनुमान मांडले आहे, ते वसईच्या किंवा पुण्याच्या कॅथलिकाने वाचले, तर त्याला अनपेक्षित सोबती भेटल्यासारखे होईल.

अशी सोबत शोधण्याचा एक प्रयत्न पूर्वी झालेला आहे. बंगाली कॅथलिक विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी 1894 मध्ये कराचीहून ‘सोफिया’ हे कॅथलिक मासिक काढले आणि युरोपात ॲरिस्टॉटलने श्रद्धेची जी सेवा केली ती येथे वेदांताने करावी, असा विचार पुढे मांडला. नर्मदाकाठी त्यांनी योजिलेल्या कॅथलिक मठाला पोपचे तत्कालीन प्रतिनिधी झालेस्की यांनी विरोध केला. याच झालेस्कींनी 1893 मध्ये कँडीला स्थापन केलेली पोपची सेमिनरी 1955 साली पुण्यास आली, आणि आज तेथील भावी धर्मगुरू भारतीय दर्शनेही अभ्यासतात. संशयिताचा पुढे प्रमाणपुरुष होणे ख्रिस्तसभेला नवे नाही. 1277 मध्ये पॅरिसच्या बिशपांनी ज्या 219 विधानांचा निषेध केला, त्यांतली काही थॉमस यांच्या मतांना भिडणारी होती, आणि 1323 मध्ये तेच थॉमस संतपदाला पोचले.

तत्त्वज्ञानाचा मक्ता झगेवाल्यांकडे असल्याचा समजही इतिहासाला धरून नाही. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन हे प्रापंचिक असून ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाची शाल पांघरून फिरत. विसाव्या शतकातील थॉमसवादाचे दोन धुरीण, जाक मारितँ आणि एत्यें जिल्सों, हे दोघेही विवाहित गृहस्थ. ख्रिस्तसभेचे स्वतःचे असे एखादे तत्त्वज्ञान नाही आणि कोणत्याही एका तत्त्वज्ञानावर ती आपली मोहर उठवीत नाही, असे 1998 च्या परिपत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी लिहून ठेवल्यावर तर प्रापंचिकाने भिण्याचे कारण उरत नाही.

धर्मग्रामाच्या सभागृहात महिन्यातून एकदा पाचसहा जणांनी जमावे, ‘सुम्मा’तले एकच प्रकरण घ्यावे, अडलेल्या संज्ञेसाठी देवीदास वाडेकरांनी संपादिलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ जवळ ठेवावा आणि सिद्धांताचे पान उलटण्यापूर्वी एकाने कुमारिलांची बाजू मनापासून, हातचे न राखता मांडावी. फादरांनाही बोलवावे, परंतु ज्याने आक्षेप घेतला त्याला उत्तर द्यायला त्याच्या शेजाऱ्याला पुरेसा वेळ मिळेपर्यंत त्यांनी कृपा करून गप्प बसावे.