घसरलेली जीभ, पडलेला भाव

4 जून 2024 रोजी चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांनी भाजपचे सुधीर मुनगंटीवार यांना 2 लाख 60 हजार 406 मतांनी हरवलं. शेजारच्या गडचिरोली-चिमूरमध्ये डॉ. नामदेव किरसान यांनी दोन वेळचे खासदार अशोक नेते यांना 1 लाख 41 हजारांहून जास्त मतांनी पाडलं. पावसाळा सरला, धान कापणीला आलं आणि 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा भाजपकडे गेल्या, एकटे विजय वडेट्टीवार ब्रह्मपुरीत काँग्रेसकडून टिकले. मुनगंटीवार बल्लारपुरातून जवळपास 26 हजारांनी निवडून आले. त्याच बल्लारपुरात एप्रिलमध्ये ते मागे पडले होते.

मतदार याद्या जवळपास त्याच, गावं तीच. मग साडेपाच महिन्यांत घडलं काय? पानठेल्यापासून वाहिनीच्या स्टुडिओपर्यंत याची दोनच उत्तरं ऐकू येतात. हवा फिरली, हे एक. अमुक नेत्याची जीभ घसरली आणि तो पडला, हे दुसरं. दोन्ही उत्तरं मतदाराला हलका ठरवतात, असं मला वाटतं. वाऱ्यावर डोलणारा आणि एका वाक्यावर बिथरणारा असा माणूस या दोन जिल्ह्यांत मला तरी दिसत नाही.

आधी जिभेचं बघू. 8 एप्रिल 2024 ला चंद्रपुरात पंतप्रधान नरेंद्र मोदींची सभा झाली. त्या सभेत काँग्रेसवर टीका करताना मुनगंटीवारांनी बहीण-भावाच्या नात्याला ओढणारं एक वाक्य उच्चारलं. क्लिप दोन दिवसांत घराघरात पोचली. मुनगंटीवारांचा खुलासा होता की, ते काँग्रेसच्या काळातल्या अत्याचारांबद्दल बोलत होते आणि वाक्य तोडून फिरवलं गेलं. तोवर मतदान पुढच्या शुक्रवारवर आलं होतं. लोकसभा लढवण्याची आपली फारशी इच्छा नाही, हेही ते उमेदवारीच्या आधी उघड बोलले होते. निकालानंतर विश्लेषण करणाऱ्यांना आणखी काय हवं होतं?

पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अहेरीला काय झालं, तेही आठवावं. मुलगी भाग्यश्री आत्राम-हलगेकर शरद पवारांच्या पक्षात निघाली, तेव्हा धर्मरावबाबा आत्राम यांनी जाहीर सभेत मुलीला आणि जावयाला प्राणहितेत फेकून द्या, अशा अर्थाचं वक्तव्य केलं. पोटच्या मुलीबद्दल, भर सभेत. ते राज्यभर गाजलं. नोव्हेंबरात धर्मरावबाबा 16 हजार 814 मतांनी निवडून आले. दुसऱ्या स्थानावर पुतणे अम्ब्रीशराव, तिसऱ्या स्थानावर भाग्यश्री. या दोघांच्या मतांची बेरीज विजेत्यापेक्षा बरीच जास्त होती.

आणि 2019? काँग्रेसने चंद्रपुरात आधी विनायक बांगडे यांचं नाव जाहीर केलं. कार्यकर्ते खवळले. आपलं पक्षात कोणी ऐकत नाही, आपणच राजीनाम्याच्या विचारात आहोत, असं तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष अशोक चव्हाण एका कार्यकर्त्याला सांगत असल्याची ध्वनिफीत बाहेर आली. मग उमेदवार बदलला आणि शिवसेनेच्या आमदारकीचा राजीनामा देऊन आलेल्या बाळू धानोरकरांना तिकीट मिळालं. एवढा गोंधळ घातलेली ही जागा काँग्रेसने 44 हजार 763 मतांनी जिंकली. त्या वर्षी महाराष्ट्रात पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा होती. चुकांवरूनच निकाल ठरत असते, तर ही जागा सगळ्यात आधी गेली असती.

आता हवेचं. चंद्रपूर लोकसभेचे आकडे एकाखाली एक मांडून बघा. भाजपला 2014 मध्ये 5 लाख 8 हजार मतं होती, 2019 मध्ये 5 लाख 14 हजार, 2024 मध्ये 4 लाख 58 हजार. दहा वर्षांत, मोठ्यात मोठ्या पराभवातसुद्धा, घसरण पन्नास-साठ हजारांच्या पलीकडे गेलेली नाही. खरी उलथापालथ समोरच्या बाजूला झाली. 2014 मध्ये काँग्रेसचे संजय देवतळे आणि आम आदमी पक्षाकडून उभे राहिलेले वामनराव चटप यांच्यात भाजपविरोधी मतं विभागली, चटपांनी दोन लाखांवर मतं घेतली. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीने 1 लाख 12 हजार घेतली. 2024 मध्ये वंचितकडे बावीस हजारांच्या आसपासच उरली आणि काँग्रेस 5 लाख 59 हजारांवरून 7 लाख 18 हजारांवर गेली. म्हणजे काँग्रेसची वाढ 1 लाख 59 हजारांची, त्यातली नव्वद हजारांएवढी मतं वंचितच्या आकड्यातून कमी झालेली. ही हवा म्हणायची, की विखुरलेल्यांचं एकत्र येणं? नोव्हेंबरात ती मोट सुटली. वरोऱ्यात बंडखोरी झाली, काँग्रेसचा उमेदवार तिसरा राहिला. राजुऱ्यात भाजपचे देवराव भोंगळे अवघ्या 3 हजार 54 मतांनी जिंकले आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या चटपांची मतं त्या फरकाच्या कितीतरी पट होती.

वंचितची मतं एकगठ्ठा का सरकली, याचं कारण मात्र एका वक्तव्यातच सापडतं. ते वक्तव्य चंद्रपुरात झालेलं नाही. मार्च 2024 मध्ये कर्नाटकातले भाजप खासदार अनंतकुमार हेगडे म्हणाले की, राज्यघटना बदलायची तर चारशे जागा हव्यात. पक्षाने हात झटकले. पण 16 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात लोकांना धम्मदीक्षा दिली, तिथल्या दीक्षाभूमीवर दर वर्षी ऑक्टोबरात जमणाऱ्या माणसाला हे वाक्य कसं ऐकू आलं असेल? त्याच्या दृष्टीने घटना म्हणजे जमीन, नोकरी, शाळा आणि मान. शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाचं ते वाक्य इथे लागलं, कारण लागावं अशी जागा आधीपासून होती. स्थानिक उमेदवाराची चूक त्या मानाने वरवरची. मतदार संतापला असेलही, पण मत त्यावर बदललं असं म्हणायला आकडे साथ देत नाहीत.

आणि पोटाचं काय? जिल्ह्याचे दोन भाग आहेत. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना म्हणजे कापूस आणि सोयाबीनचा पट्टा. 2023-24 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,600 रुपये होता आणि बाजारात तेवढा मिळत नव्हता. पूर्वेला मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पलीकडे अख्खा गडचिरोली, हा धानाचा मुलूख. इथल्या शेतकऱ्याचं वर्ष आधारभूत खरेदी केंद्राच्या दारात ठरतं. सातबारा, आधार, पासबुक घेऊन आधी ऑनलाइन नोंदणी करायची. नंबर लागेपर्यंत चुरलेलं धान घरात किंवा उघड्यावर ठेवायचं. कधी केंद्रात बारदाना नसतो, कधी गोदामात जागा नसते. धान मोजून दिलं तरी चुकारे खात्यात यायला वेळ लागतो आणि तिकडे सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत फेडलं नाही तर व्याजाची सवलत जाते. ज्याला थांबणं परवडत नाही, तो व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा कमीत देऊन मोकळा होतो. हेक्टरी 20 हजारांचा बोनस जाहीर झाला होता, पण बोनसच्या बातमीला आणि बोनस हाती पडण्याला शेतकरी वेगवेगळं मोजतो.

19 एप्रिल हा मतदानाचा दिवस मोहफुलांच्या हंगामातला. पहाटे अंधार असताना बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, वाकून फुलं वेचतात आणि वाकलेल्या माणसावर वाघाचा हल्ला होतो. थोड्याच दिवसांत तेंदूपत्त्याची फळी लागते. मुनगंटीवार राज्याचे वनमंत्री होते. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जीव गेला तर कुटुंबाला मिळणारी मदत त्यांच्या काळात 25 लाखांवर गेली, हे त्यांचं काम मोठंच. 29 मार्च 2023 ला अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरचं सागवान मिरवणुकीने रवाना झालं, त्याचाही इथल्या लोकांना अभिमान वाटला. पण ज्या वनखात्याच्या नाकेबंदीत सरपणाची मोळी अडते आणि ज्याच्या वाघाने शेजारीण नेली, त्याच खात्याचा मंत्री मत मागायला आला, तर अभिमान आणि भीती एकाच मनात नांदतात. हे कोणत्या प्रश्नावलीत बसवणार?

मतचाचण्यांचा मुद्दा इथे येतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली की, राज्याराज्यांच्या चाचण्या दर आठवड्याला निघतात आणि उमेदवाराच्या एका वाक्याने किती टक्के हलले याचा आलेख काढतात. तिथेही 2016 मध्ये विस्कॉन्सिनच्या शेवटच्या चाचण्या हिलरी क्लिंटन यांना पुढे दाखवत होत्या आणि डोनाल्ड ट्रम्प 23 हजारांहून कमी मतांनी जिंकले. नंतरच्या तपासणीत निघालं की, बऱ्याच राज्यांतल्या चाचण्यांत जास्त शिकलेली माणसं जास्त भरली होती आणि त्याची दुरुस्ती केली गेली नव्हती. आपल्याकडे जून 2024 मध्ये अनेक एक्झिट पोलनी महाराष्ट्रात महायुतीला निम्म्याहून जास्त जागा दिल्या, मिळाल्या 48 पैकी 17. नोव्हेंबरात बहुतेकांनी दिशा बरोबर सांगितली, पण 230 च्या घरातला आकडा फारच थोड्यांना जवळ भासला. हजार माणसांच्या नमुन्यात तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते आणि राजुऱ्याचा फरक दीड टक्क्याच्याही आत होता. या गणिताला दोष देता येत नाही. दोष आहे तो त्यावर ठाम बोलणाऱ्यांचा.

गडचिरोलीत अडचण गणिताहून खोल आहे. इथे दुर्गम मतदान केंद्रावर जाणारी पोलिंग पार्टी आधी हेलिकॉप्टरने बेस कॅम्पला उतरते, मग बंदोबस्तात चालत पुढे जाते. गडचिरोली, आरमोरी, अहेरी या क्षेत्रांत 2024 मध्ये मतदान सकाळी सात ते दुपारी तीन एवढंच होतं, कारण अंधाराआधी यंत्रं परत सुरक्षित जागी आणायची असतात. 11 एप्रिल 2019 ला, मतदानाच्याच दिवशी, एटापल्ली तालुक्यातल्या वाघेझरीच्या केंद्राजवळ स्फोट झाला होता. माओवाद्यांनी बहिष्काराची पत्रकं लावायची, पोलिसांनी निर्भय होऊन मतदान करा म्हणायचं, असं या लोकांनी वर्षानुवर्षं दोन्हीकडून ऐकलं. तरीही 2024 मध्ये गडचिरोली-चिमूरचं मतदान 71 टक्क्यांवर गेलं. पण अशा गावात टॅब घेतलेला अनोळखी पोऱ्या दारात येऊन कोणाला मत देणार म्हणून विचारतो, तेव्हा माडिया माणूस काय सांगेल? गप्प राहणं ही इथे जीव वाचवायची शिकवण आहे. त्या गप्प बसण्याला आपण अनिर्णित मतदार असं नाव देतो आणि शेवटच्या आठवड्यात तो इकडचा तिकडे गेला असं छापतो. त्याचं आधीच ठरलेलं असतं. ते त्याने आपल्याला सांगितलं नाही, एवढंच.

नोव्हेंबरच्या निकालाकडेही मी याच नजरेने बघतो. जूनच्या अखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली, ऑगस्टपासून खात्यात पैसे येऊ लागले, मतदानापर्यंत 7,500 रुपये जमा झालेले होते. तेंदूपत्त्याचे पुडे बांधून आणि परक्याच्या बांधीत रोवणी करून जिला रोख पैसा दिसतो, तिच्या हाती पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे दर महिन्याला आले. एप्रिलमध्ये घटना आणि धानाचा भाव घेऊन गेलेली बाई नोव्हेंबरात हे घेऊन गेली असेल, तर तिला विकली गेलेली म्हणण्याचा हक्क मी कोणालाच देणार नाही. एप्रिलमध्ये दिल्लीबद्दल विचारलं, नोव्हेंबरात मुंबईबद्दल, आणि तिने दोन्ही वेळा आपलं घर समोर ठेवून उत्तर दिलं.

मग हे सगळं समजून घ्यायचं कुठून? निवडणूक अधिकारी फॉर्म 20 प्रसिद्ध करतात, त्यात केंद्रवार मतं असतात. कोणत्या गावात वाघाने माणूस नेला, कुठे चुकारे रखडले, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक कोणत्या रस्त्याने जातात, कोणत्या ग्रामसभेने तेंदूचा लिलाव स्वतः केला, हे त्या आकड्यांशेजारी ठेवून वाचणारा एखादा तालुक्याचा पत्रकार दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगू शकेल. असं वाचन आपल्या वृत्तपत्रांनी करायलाच हवं.

पण तोच फॉर्म 20 भामरागडच्या लहानशा पाड्याला उघडंही पाडतो. ज्या केंद्रावर मोजकीच माणसं मत देतात, तिथे मत गुप्त राहिलं तरी गाव गुप्त राहत नाही. निवडून आलेल्याला कळतं, पडलेल्याला कळतं, बहिष्कार पुकारणाऱ्यालाही किती जण गेले ते कळतं. मग रस्ता, बोअरवेल, पुलाची मंजुरी कोणाला द्यायची आणि कोणाची अडवायची, याचा हिशोब सोपा होतो. कागदी मतपत्रिकांच्या काळात केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. मतदान यंत्रं आली आणि ती बंद पडली. 2008 मध्ये निवडणूक आयोगाने टोटलायझर सुचवला. चौदा केंद्रांची यंत्रं जोडून त्यांची एकत्र बेरीज दाखवणारं हे साधं उपकरण. 2015 मध्ये विधी आयोगाने 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मान्य केलं नाही, केंद्रवार आकडे कळले तर पक्षांना कुठे कमी पडलो ते समजतं आणि तिथे जास्त काम करता येतं, असा त्यामागचा युक्तिवाद होता. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, धानोरा इथल्या लहान केंद्रांसाठी तरी ही मागणी पुन्हा लावून धरली पाहिजे. वाचकाला हवा तेवढा तपशील चौदा केंद्रांच्या बेरजेतूनही मिळेल. दोन्ही जिल्ह्यांतल्या नव्या-जुन्या खासदार-आमदारांपैकी एकाने जरी हा विषय सभागृहात काढला, तरी त्याच्या पक्षाकडे न बघता मी त्याच्या बाजूने लिहीन.