रिकाम्या रात्रीचे फळ

मनुष्याच्या कर्मातून काही हाती आले, तर ते सफल झाले असे जग म्हणते. काहीच हाती आले नाही, तर श्रम वाया गेले असे म्हणते. हा हिशेब व्यवहारात इतका रूढ झाला आहे की, तो एकदा तपासून पाहावा असेही कोणास वाटत नाही. परंतु प्रत्येक गृहस्थाच्या आयुष्यात अशी शेकडो कर्मे असतात, ज्यांच्या शेवटी दाखविण्यासारखे काही उरत नाही. ती सारी व्यर्थच मानावयाची काय? या प्रश्नाला सांत्वनपर उत्तरे पुष्कळ दिली जातात. परंतु सांत्वन म्हणजे प्रमाण नव्हे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर जेथे मोजमापाने पडताळता येते, अशा एका क्षेत्राकडे वळणे उचित होईल. ते क्षेत्र म्हणजे दूरच्या दीर्घिकांतील अतिदीप्त नवताऱ्यांचा शोध. आणि तो घेणारे म्हणजे पोटाचा उद्योग निराळा सांभाळून रात्री आकाश न्याहाळणारे हौशी निरीक्षक.

अतिदीप्त नवतारा हा नावाप्रमाणे नवा तारा नव्हे. तो जुन्या ताऱ्याचा अंत होय. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन संपले म्हणजे तो गाभा स्वतःच्या भाराने कोसळतो आणि वरचे थर अवकाशात उधळले जातात. दुसऱ्या प्रकारात, जोडीदार ताऱ्याचे द्रव्य मिळालेला श्वेत लघुतारा एकाएकी समूळ पेटतो. मग जो तारा कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून कधीच दिसला नसता, तो काही आठवडे साध्या दुर्बिणीच्याही टप्प्यात येतो. मात्र आपल्या आकाशगंगेसारख्या एका दीर्घिकेत असा स्फोट शंभर वर्षांत सरासरी एक-दोनदाच होतो. तेव्हा एकाच दीर्घिकेकडे पाहत बसणाऱ्याचे आयुष्य सरेल, पण प्रतीक्षा सरणार नाही. शोधकाला शेकडो दीर्घिका पुनःपुन्हा पाहाव्या लागतात, प्रत्येकीचे नेहमीचे रूप ठाऊक असावे लागते, आणि काल नसलेला एखादा प्रकाशबिंदू आज आहे काय, एवढेच विचारावे लागते. बहुतेक रात्री उत्तर एकच मिळते: नाही.

ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट एव्हान्स (१९३७–२०२२) यांनी हे उत्तर कोणाहूनही अधिक वेळा ऐकले असेल. ते युनायटिंग चर्च या ख्रिस्ती संप्रदायाचे धर्मोपदेशक होते. १९५५ च्या सुमारास त्यांना या शोधाचा ध्यास लागला. मान्यता पावलेला त्यांचा पहिला शोध १९८१ सालचा. मध्ये सुमारे पंचवीस वर्षे लोटली. प्रत्येक वेळी नकाशाशी ताडून पाहण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी हजाराहून अधिक दीर्घिका आणि त्यांच्या आसपासचे तारे, वेदपाठकाने संहिता मुखोद्गत करावी तसे, स्मरणात साठविले होते. केवळ दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी सुमारे चाळीस अतिदीप्त नवतारे शोधले. डोळ्याने केलेल्या शोधांत त्यांची बरोबरी कोणी करू शकले नाही.

येथे जगाचा नेहमीचा हिशेब मांडला तर असे म्हणावे लागेल की, त्यांच्या सुमारे चाळीस रात्री सार्थकी लागल्या आणि उरलेल्या हजारो वाया गेल्या. परंतु प्रत्यक्षात तसे घडले नाही. सिडनी व्हॅन डेन बर्ग आणि रॉबर्ट मॅक्लूर या व्यावसायिक शास्त्रज्ञांनी एव्हान्स यांच्यासह १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घिकांमध्ये असे स्फोट किती वारंवार होतात, हे त्यात काढावयाचे होते. त्यासाठी शोधांची संख्या पुरेशी नसते. किती दीर्घिका, किती वेळा पाहिल्या आणि तेथे काही आढळले नाही, हे कळल्यावाचून भागाकारच करता येत नाही. अंश शोधांनी मिळतो. छेद मिळतो तो रिकाम्या रात्रींनी. एव्हान्स यांनी त्या रात्रींच्या नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून तो भागाकार होऊ शकला. ज्यांना जग निष्फळ म्हणते, त्याच रात्रींवर ते ज्ञान उभे राहिले.

भारतीय दर्शनांच्या अभ्यासकास यात काही अपरिचित वाटू नये. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी प्रत्यक्ष, अनुमान इत्यादींच्या जोडीला अनुपलब्धी हे एक स्वतंत्र प्रमाण मानले आहे. भूतलावर घट नाही, हे ज्ञान घट न आढळण्यानेच होते. नैयायिकांना हे प्रमाण वेगळे मानणे मान्य नाही. परंतु अभावाचे ज्ञान हे खरेखुरे ज्ञान आहे, याविषयी त्यांचाही वाद नाही. मात्र या प्रमाणाला एक कठोर अट आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तेथे घट नाही असे म्हणता येत नाही. वस्तू असती तर ती अवश्य दिसली असती, अशी योग्यता पाहण्यात असली पाहिजे. त्या योग्यतेने युक्त असे न दिसणे तेच प्रमाण. एरवी ते नुसते अज्ञान.

रिकाम्या रात्रीच्या मूल्याचे सारे रहस्य या अटीत आहे. ‘दिसले नाही’ आणि ‘पाहिले नाही’ ही दोन वाक्ये ऐकण्यास जवळची, परंतु त्यांच्यात प्रकाश आणि अंधार यांचे अंतर आहे. ढगाळ रात्री निरीक्षक घरी बसला, तर त्या रात्रीतून काही निष्पन्न होत नाही. स्वच्छ आकाशाखाली त्याने सावधपणे पाहिले, किती मंद तारे दिसत होते तेही टिपले आणि ‘नवे काही नाही’ असे वेळेसह लिहून ठेवले, तर तीच रात्र प्रमाण झाली. तेव्हा प्रत्येक निष्फळ कर्म मौल्यवान असते, असा भाबडा सिद्धान्त येथे मांडावयाचा नाही. सावधानता आणि सत्यता यांनी केलेले कर्म मात्र रिकाम्या हाताने परतले तरी रिकामे नसते, एवढेच म्हणावयाचे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८७ सालचे आहे, आणि ते दूरच्या नव्हे तर आपल्या शेजारच्या दीर्घिकेतील आहे. सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवरील मोठ्या मॅगेलनी मेघात एक तारा फुटला. २३ फेब्रुवारी रोजी, जागतिक वेळेनुसार ७ वाजून ३५ मिनिटांनी, त्याच्या कोसळत्या गाभ्यातून निघालेले न्यूट्रिनो कण पृथ्वीवरील भूमिगत उपकरणांत टिपले गेले. प्रकाश मात्र स्फोटाचा आघात ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोचल्यावरच बाहेर पडतो. म्हणून दोहोंमधील विलंब किती, यावरून तारा किती मोठा होता हे कळते. त्यानंतर सुमारे पावणेदोन तासांनी न्यूझीलंडचे हौशी निरीक्षक अल्बर्ट जोन्स (१९२०–२०१३) आकाशाचा तोच भाग पाहत होते. रूपविकारी ताऱ्यांच्या पाच लाखांहून अधिक नोंदी ज्यांनी आयुष्यभरात केल्या, असे ते साधक. त्या वेळी त्यांना तेथे नवे काहीही दिसले नाही. आणखी तासाभराने ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅक्नॉट यांनी घेतलेल्या छायाचित्रात मात्र तो तारा उजळलेला आढळला. आरंभ एका टोकाला छायाचित्राने बांधला, तर दुसऱ्या टोकाला जोन्स यांच्या ‘नाही’ ने. फुटलेला तारा अपेक्षेहून लहान आकाराचा होता, या निष्कर्षास त्याने बळकटी आली. जोन्स यांना दुसऱ्या दिवशी तो तारा स्वतंत्रपणे दिसलाही. परंतु तोवर तो इतरांनीही पाहिला होता. आदल्या रात्री त्यांनी जे पाहिले नाही, ते त्या घटकेला दुसऱ्या कोणी पाहून लिहिलेले नव्हते.

अर्जेंटिनातील रोसारियो नगरातील व्हिक्टर बूसो हे व्यवसायाने कुलपे-किल्ल्यांचे कारागीर. २० सप्टेंबर २०१६ रोजी आपला नवा कॅमेरा पारखून पाहावा, म्हणून त्यांनी ४० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या लहान लहान अवधीच्या प्रतिमा घेतल्या. आरंभीच्या प्रतिमांत तेथे काही नव्हते. पुढच्या प्रतिमांत एक बिंदू उमटला आणि प्रतिमेगणिक उजळत गेला. स्फोटाचा पहिला प्रकाश बाहेर पडतानाच तो टिपला गेला होता. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात याविषयीचा लेख आला, तेव्हा लेखकांत बूसो यांचेही नाव होते. यास दैवयोग म्हणावे हे खरे. परंतु आरंभीच्या रिकाम्या प्रतिमा फेकून दिल्या असत्या, तर तो पहिलाच प्रकाश होता हे सिद्ध करावयास काही राहिले नसते.

आता फळाची आसक्ती या कर्मात काय करते तेही पाहिले पाहिजे. शोध लागलाच पाहिजे, अशा हट्टाने पाहणाऱ्याला नसलेले दिसू लागते. वाटेत आलेला लघुग्रह, आपल्याच आकाशगंगेतील एखादा तारा, दीर्घिकेतील तेजोमेघाची गाठ, भिंगातील प्रतिबिंब, ही सारी नवताऱ्याचे सोंग घेऊन येतात. अधीर मनुष्य घोषणा करून मोकळा होतो. विवेकी मनुष्य पुन्हा पाहतो, जुन्या प्रतिमांशी ताडतो, दुसऱ्याकडून खात्री करून घेतो. म्हणजे आसक्ती सोडणे हे येथे केवळ मनाच्या शांतीसाठी नाही. खरे दिसण्यासाठीच ते आवश्यक आहे. लोभाने दृष्टी दूषित होते, हे नीतिवचन वाटते. दुर्बिणीपाशी तो रोजचा अनुभव आहे. शिवाय या क्षेत्रात नावाचा मोहही फारसा पुरविला जात नाही. धूमकेतूला शोधणाऱ्याचे नाव देतात. अतिदीप्त नवताऱ्याला केवळ वर्ष आणि अक्षरे. एव्हान्स यांनी एम ८३ या दीर्घिकेत शोधलेला तारा ‘१९८३ एन’ एवढ्याच नावाने ओळखला जातो.

यावर असा आक्षेप येईल की, आता या खटाटोपाचे प्रयोजनच संपले. पालोमार येथे २०१८ साली सुरू झालेल्या झ्विकी सर्वेक्षणासारख्या योजना यंत्रांच्या साह्याने प्रतिवर्षी हजारो स्फोट नोंदवू लागल्या; मग हौशी मनुष्याने का जागावे? आक्षेप दुर्बळ नाही. डोळ्याने आकाश धुंडाळणाऱ्याचा काळ बव्हंशी सरला, हे मान्य केले पाहिजे. तथापि १९ मे २०२३ रोजी, या यंत्रांच्याच काळात, सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षांवरील एम १०१ या दीर्घिकेतील अतिदीप्त नवतारा प्रथम आढळला तो जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना. पुढे त्याच दीर्घिकेच्या, निरनिराळ्या देशांतील हौशी लोकांनी थोडे आधी घेतलेल्या प्रतिमा जमविण्यात आल्या. कोठे तारा नव्हता, कोठे नुकताच उमटला होता. त्यांवरून स्फोटाचा आरंभ काही तासांच्या आत निश्चित करता आला. ज्यांनी त्या प्रतिमा घेतल्या, त्यांतील कोणालाही आपली रात्र उपयोगी पडेल याची कल्पना नव्हती.

आणि उद्या यंत्रे याहूनही पुढे गेली, तरी मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. कोणती रात्र प्रमाण ठरणार आहे, हे पाहणाऱ्यास त्या रात्री ठाऊक नसते. म्हणूनच प्रत्येक रात्र सारख्याच निष्ठेने पाहावी लागते. पुष्कळ नोंदी वहीतच राहतील, त्यांना कोणी विचारणार नाही, हेही खरे आहे. जी विचारली जाईल ती नोंद त्या न विचारलेल्या नोंदींपासून वेगळी काढून आधी लिहिता येत नाही, हेही तितकेच खरे.

गृहस्थाच्या घरी दुर्बीण नसेल. रिकाम्या रात्री मात्र असतातच. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माता दर घटकेला कपाळावर हात ठेवते आणि ताप नाही असे पाहते. शेताचा राखणदार पहाटेपर्यंत फेऱ्या घालतो आणि कोणी आले नाही असे सांगतो. सकाळी त्यांच्या हाती काही नसते. परंतु ताप नाही हे कोणीतरी जागून पाहिलेले असते, म्हणूनच घर निश्चिंतपणे निजू शकते. त्यांच्या कर्माला फळ आले नाही असे म्हणावयाचे असेल, तर आधी ‘नाही’ हा शब्द खरेपणाने उच्चारण्यास किती जागावे लागते, याचा विचार करावा.